उलटा फिरलेला रुपया

24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. 1986 साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. गेल्या वर्षी त्या दिवशी पुण्यात एका छोट्या सभागृहात परिसंवाद होता आणि वक्ता होता माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, ग्राहक चळवळीच्या दिवसांत माझ्याबरोबर मंडईत वजनकाटे तपासत फिरलेला. ऑनलाइन खरेदीतल्या वादांवर बोलताना तो म्हणाला की, ग्राहकानं बँकेकडे तक्रार करून पैसे परत मिळवले तर विक्रेत्यानं त्याचा बाऊ करू नये. दुकानभाडं, वीजबिल, तसा हाही धंद्याचा एक खर्च. ज्याला तो झेपत नाही त्यानं ऑनलाइन विकू नये. सभागृहात टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

तीनच दिवस आधी माझ्या धाकट्या भावजयीचा फोन आला होता. कोथरूडला तिचा फराळाचा उद्योग आहे. गणपती बसले की तिच्याकडे भाजणीची तयारी सुरू होते, नवरात्रानंतर सहा बायका दिवसभर चकल्या पाडतात, करंज्या मुरडतात, अनारशाचं पीठ मुरत ठेवतात. परदेशी जाणारी पार्सलं आधी निघतात, कारण दिवाळीच्या आत ती पोचायला हवीत. "भाऊजी," ती म्हणाली, "अमेरिकेतल्या त्या ऑर्डरचे चौदा हजार आठशे कापून घेतले. वर दंडही लावलाय. कारण लिहिलंय की व्यवहार कार्डधारकानं केलेलाच नाही. मग माझा फराळ खाल्ला कोणी?"

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची सहा कार्डांच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागात. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला हवं होतं. ते देता आलं नाही, म्हणून हा लेख.

ज्याला चार्जबॅक म्हणतात ती गोष्ट नेमकी काय आहे, ते आधी सांगतो. ग्राहक कार्डानं पैसे देतो. ते त्याच्या बँकेकडून कार्डाच्या नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे येतात आणि तिथून, बहुधा मध्ये बसलेल्या पेमेंट कंपनीमार्फत, विक्रेत्याच्या खात्यात. ग्राहकानं आपल्या बँकेला सांगितलं की माल आला नाही, किंवा खराब आला, किंवा हा व्यवहार माझा नव्हेच, की तोच रुपया आल्या वाटेनं उलटा निघतो. वस्तू न मिळाल्याचा दावा करायला ग्राहकाला मोठ्या नेटवर्कांच्या नियमांत साधारण 120 दिवस मिळतात. विक्रेत्याच्या बाजूला उत्तरासाठी महिन्याच्या आसपास मुदत असते, पण त्यातले दिवस बँक आणि पेमेंट कंपनी आपल्या कामासाठी राखून ठेवतात. विक्रेत्याच्या हाती अनेकदा आठवडा-दहा दिवस उरतात. तेवढ्यात त्यानं कुरिअरची पावती, ग्राहकाशी झालेला संवाद, बिल, पत्ता हे सगळं इंग्रजीत मांडायचं. ते कागद जातात ग्राहकाच्याच बँकेकडे. तिला पटले नाहीत तर पुढची पायरी नेटवर्कच्या लवादाची. तिथलं शुल्क काहीशे डॉलर आणि हरणाऱ्यानं ते भरायचं. चौदा हजार आठशे रुपयांसाठी तिथवर कोण जाईल?

म्हणजे तक्रार करणाऱ्याची बँक हीच पहिली न्यायाधीश आणि वरच्या न्यायालयाची फी दाव्याच्या रकमेहून मोठी. नोकरीत असताना हे मला कधी खटकलं नाही. मी ग्राहकांच्या वतीनं असे कित्येक दावे पुढे पाठवले. ग्राहक काउंटरवर येऊन रडायचा, चिडायचा, माझ्यासमोर बसायचा. पलीकडचा दुकानदार माझ्यासाठी पडद्यावरचा एक आकडा होता. त्याचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही, आवाजही ऐकला नाही.

ही सोय आली कुठून, हे पाहिलं तर तिच्याविषयी आदरच वाटतो. 1958 साली अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेनं 60 हजार कार्डं लोकांनी न मागता टपालानं घरोघर पाठवली. कार्डं चोरीला गेली, बिलं चुकली, आणि पुढची कित्येक वर्षं सामान्य माणूस बँकेच्या संगणकाशी भांडत राहिला. 1970 मध्ये तिथल्या कायद्यानं कार्डाच्या गैरवापरातली ग्राहकाची जबाबदारी 50 डॉलरवर थांबवली. 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनं बिलातली चूक 60 दिवसांत लेखी कळवण्याचा आणि चौकशी होईपर्यंत ती रक्कम न भरण्याचा हक्क दिला. ब्रिटननंही 1974 मध्येच कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट केला आणि त्याच्या 75 व्या कलमानं ठरावीक किमतीवरच्या खरेदीत कर्ज देणाऱ्याला विक्रेत्याइतकंच जबाबदार धरलं. त्याच वर्षी इथे पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. तीन देशांत एकाच वर्षी माणसं एकाच निष्कर्षाला आली होती की, पैसे देऊन बसलेला एकटा ग्राहक हा व्यवहारातला दुबळा पक्ष आहे. त्या निष्कर्षावर मी माझ्या आयुष्याच्या असंख्य संध्याकाळी खर्च केल्या. तो आजही मला मान्य आहे.

पण त्या अमेरिकी कायद्यात एक अट होती, ती माझ्या मित्राच्या भाषणात नव्हती. माल सदोष निघाला म्हणून बँकेचे पैसे अडवायचे तर ग्राहकानं आधी विक्रेत्याकडे जाऊन वाद मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असला पाहिजे. शिवाय खरेदी 50 डॉलरवरची आणि आपल्याच राज्यातली किंवा घरापासून 100 मैलांच्या आतली हवी. ज्या दुकानात आपण चालत जाऊ शकतो, त्या दुकानाशी असलेल्या भांडणाचा विचार करून तो कायदा लिहिला होता. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कायद्यानं जबाबदार धरलं होतं बँकेला. बँकांनी ते ओझं नेटवर्कच्या नियमपुस्तकातून आणि करारातून विक्रेत्याच्या डोक्यावर दिलं. भावजयीचे पैसे कापले गेले ते कोणत्याही संसदेच्या कायद्यानं नव्हे. पेमेंट कंपनीशी खातं उघडताना तिनं ज्या लांबलचक कराराखाली चौकोनात टिचकी मारली, त्यानं.

परिसंवादानंतर चहाच्या टेबलाशी मी मित्राला गाठलं. त्यानं मला एक नाव ऐकवलं, आणि मला वाटतं त्यानंतरचे चार महिने मी त्या नावाशीच भांडत होतो: गिदो कालाब्रेसी.

कालाब्रेसी मिलानमध्ये 1932 साली जन्मले. मुसोलिनीच्या राजवटीतून कुटुंब निसटलं आणि 1939 मध्ये अमेरिकेत पोचलं. पुढे ते येलच्या विधी विद्यालयाचे डीन झाले, 1994 पासून न्यायाधीश. 1970 साली त्यांचं अपघातांच्या खर्चावरचं पुस्तक आलं. त्यातला सर्वांत गाजलेला विचार असा: अपघात झाल्यावर दोष कोणाचा हे शोधत बसण्याऐवजी, तो सर्वांत कमी खर्चात कोण टाळू शकला असता ते पाहावं आणि नुकसान त्याच्यावर टाकावं. मग तो माणूस पुढच्या वेळी आपणहून काळजी घेईल आणि समाजाचा एकूण खर्च कमी होईल. मित्राचं म्हणणं असं की ऑनलाइन व्यवहारात ही जागा विक्रेत्याची आहे. ग्राहक विखुरलेले, विक्रेता एक. त्यानं पत्ते तपासावेत, संशयास्पद ऑर्डर नाकारावी, पॅकिंग चांगलं करावं, आणि उरलेलं नुकसान किमतीत चार रुपये वाढवून वसूल करावं.

हा युक्तिवाद मी हलक्या हातानं बाजूला सारणार नाही, कारण पेमेंटच्या जगात तो खरोखर राबवला गेला आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2015 पासून नेटवर्कांनी नियम बदलला. दुकानात चिपचं कार्ड आलं आणि चिप वाचणारं यंत्र नसल्यानं बनावट कार्ड खपलं, तर नुकसान दुकानदाराचं. चिप द्यायचं काम बँकेनंच केलं नसेल तर नुकसान बँकेचं. जो मागे राहिला त्यानं भरायचं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची केली. ओटीपी आला, ग्राहकाची ओळख बँकेनं पटवली, म्हणून "व्यवहार माझा नाही" या तक्रारीचा भार साधारणपणे विक्रेत्यावरून उठून बँकेकडे गेला. कालाब्रेसींच्या कसोटीचं याहून नेटकं उदाहरण मिळणार नाही. कार्ड खऱ्या मालकाच्या हातात आहे की नाही, हे स्वस्तात तपासू शकते ती बँक.

मग हीच कसोटी कोथरूडच्या स्वयंपाकघराला लावू. ती ऑर्डर न्यू जर्सीची. तिथल्या बँकेनं दिलेलं कार्ड ओटीपीच्या आपल्या सक्तीखाली येत नाही. तिथली बँक काही न विचारता व्यवहार मंजूर करते. कार्ड कोणाचं, मालक कुठे आहे, रोज तो कुठे खर्च करतो, हे सगळं त्या बँकेला माहीत असतं. भावजयीला माहीत असतं एक नाव, एक पत्ता आणि लाडू कमी गोड हवेत ही सूचना. यातला स्वस्तात नुकसान टाळू शकणारा कोण? माझा मित्र ज्या कसोटीच्या जोरावर विक्रेत्याला दोषी धरतो, तीच कसोटी त्याच्या विरोधात निकाल देते. राहिला किमतीचा मुद्दा. मोठ्या कंपनीचे लाखो व्यवहार असतात. त्यात अर्धा टक्का बुडाला तर तो सगळ्यांवर वाटून टाकता येतो. भावजयीच्या हंगामात परदेशी ऑर्डरी चाळीस. त्यातली एक उलटली की दोन बायकांची आठवड्याची मजुरी जाते. विमा आणि जुगार यांतला फरक संख्येचा असतो आणि लहान विक्रेता कायम कमी संख्येच्या बाजूला असतो.

आणखी एक गोष्ट मित्रानं सांगायची राहिली. कालाब्रेसींनी खर्चाचा हिशेब मांडला, पण न्यायाला त्या हिशेबातली एक रक्कम मानलं नाही. त्यांच्या मांडणीत न्यायाचं स्थान नकाराधिकाराचं आहे. एखादी व्यवस्था कितीही स्वस्त असली तरी ती अन्याय्य असेल तर ती बाद. हिटलर-मुसोलिनीच्या युरोपातून लहानपणीच पळालेल्या मुलानं मोठेपणी हे लिहावं, याचं मला नवल वाटत नाही. मित्रानं कालाब्रेसींचं अर्धंच म्हणणं उचललं. उरलेलं अर्धं आपल्या लोकांना परकं नाही.

आपल्या पेठांनी हा प्रश्न कार्डाच्या शेकडो वर्षं आधी हाताळला होता. हुंडीचे प्रकार आठवा. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुदतीची हुंडी ठरल्या दिवसांनी. जोखमी हुंडीत पैसे मिळणार माल सुखरूप पोचला तर, म्हणजे विमा आणि उधारी एकाच कागदावर, आणि जोखीम कोणाची हे नावातच सांगितलेलं. माझ्या विषयाला सर्वांत जवळची शहाजोग हुंडी. तिचे पैसे फक्त पेठेत पत असलेल्या शहाच्या हाती द्यायचे. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर त्या शहानं रक्कम व्याजासह परत करायची किंवा खरा लबाड माणूस हजर करायचा. रुपया इथेही उलटा फिरायचा. पण ज्याच्याकडून तो परत मागितला जाई त्याला कारण माहीत असे, मागणारा माहीत असे, आणि दोघे एकाच पेठेत रोज समोरासमोर येत. त्याला सुटकेची वाटही होती: चोर आणून उभा कर आणि मोकळा हो. भावजयीला ही वाट कोणी ठेवली आहे का?

ती वाट तिनं स्वतः शोधली, आणि तिथे माझ्या रागाला तडा गेला.

मी तिला सांगितलं होतं की गप्प बस, ग्राहकाशी बोलू नकोस, कागद जमव. माझ्या मनात चित्र पक्कं होतं. फराळ खाऊन वर पैसे परत मागणारं एक लबाड कुटुंब. ऑनलाइन विक्रेत्यांकडून अशा गोष्टी मी रोज ऐकत होतो. महागडी साडी नेसून, डाग पाडून परत पाठवणारे. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी भरून परत करणारे. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून भाजीवाल्याकडून पिशवी उचलणारे, ज्यांच्यामुळे आज हातगाडीवरही पैसे जमा झाल्याचं मराठीत ओरडून सांगणारा डबा ठेवावा लागतो. हे सगळं खरं आहे. त्या यादीत मी न्यू जर्सीचं नावही घालून टाकलं होतं.

भावजयीनं माझं ऐकलं नाही. ज्या बाईनं व्हॉट्सॲपवर ऑर्डर दिली होती, तिला तिनं सरळ विचारलं, "ताई, फराळ पोचला नव्हता का हो?" तासाभरात फोन आला. पलीकडे ती बाई रडवेली. फराळ पोचला होता, पाडव्याला बारा माणसांनी खाल्ला होता, चकलीचे फोटोही तिनं पाठवले होते. कार्ड नवऱ्याचं होतं. नोव्हेंबरचं बिल त्यानं उघडलं तर त्यात भावजयीच्या उद्योगाचं नाव नव्हतंच. होतं ते पेमेंट कंपनीचं, तेही अर्धवट तुटलेलं, आणि पुढे भारत. परदेशातून कोणी कार्ड वापरलं असं समजून त्यानं बँकेच्या ॲपवर "हा व्यवहार माझा नाही" हे बटण दाबलं. बायकोला विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. बँकेनंही काही विचारलं नाही. जुनं कार्ड बंद करून नवं पाठवलं आणि पैसे परत जमा केले.

त्या कुटुंबानं दुसऱ्याच दिवशी पुण्यातल्या भावाकडून पूर्ण रक्कम पाठवली. पण तक्रार मागे घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, प्रकरण बंद झालं होतं. दंड परत आला नाही. भावजयीच्या खात्यावर फसवणुकीचा एक शिक्का राहिला आणि पुढचे दोन महिने तिच्या प्रत्येक परदेशी ऑर्डरचा काही भाग पेमेंट कंपनीनं राखून ठेवला. अशा वादांचं एकूण व्यवहारांशी प्रमाण वाढलं तर नेटवर्क दुकानाला देखरेखीखाली घेतं, आणि त्या मोजणीत विक्रेत्यानं पुढे जिंकलेला वादही धरला जातो. आरोप झाला एवढंच तिथे पुरतं.

मी ग्राहकांच्या लबाडीवर लेख लिहायला बसलो होतो. तो मी फाडला. या गोष्टीत लबाड कोणीच नव्हतं. नवरा सावध होता, बायको प्रामाणिक होती, भावजय तर दोघांहून धीट निघाली. एका तुटक्या नावामुळे तीन भल्या माणसांत वैर उभं राहत होतं आणि ते मिटलं व्हॉट्सॲपवरच्या एका साध्या प्रश्नानं. जो प्रश्न कायद्यानं 1974 मध्ये ग्राहकाकडून अपेक्षिला होता, तो विचारण्याची सोयच त्या बटणाशेजारी नव्हती. नियम करणाऱ्यांनाही ही चूक दिसली आहे. व्हिसानं एप्रिल 2023 पासून पुराव्याचा नवा नियम आणला: त्याच ग्राहकानं त्याच विक्रेत्याकडे आधी दोन व्यवहार बिनतक्रार केले असतील आणि यंत्राची खूण जुळत असेल, तर फसवणुकीचा भार ग्राहकाच्या बँकेवर जातो. जुनी गिऱ्हाइकं असणाऱ्याला यानं आधार मिळेल. पहिल्यांदा फराळ मागवणाऱ्या घराच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, आणि लहान उद्योग तर दरवर्षी अशा पहिल्या घरांवरच वाढतो.

तेव्हा माझा प्रश्न बदलला. पैसे परत फिरावेत की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या निकालानं फिरावेत आणि निकाल देणाऱ्यानं दोघांना काय सांगितलं पाहिजे, हा आहे.

याचं उत्तर शोधताना मी सारखा 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याकडे जातो. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यांचा राग कागदावर होता. एकदा अंगठा उठला की न्यायालय आतला व्यवहार पाहत नसे, कागदावरचा आकडा हाच शेवटचा शब्द. सरकारनं चौकशी नेमली आणि चार वर्षांनी पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांसाठी कायदा केला. त्यानं न्यायाधीशाला कागदाच्या मागे जायला सांगितलं: पहिल्या देण्याघेण्यापासून हिशेब उकलून पाहा, खरं मुद्दल किती आणि व्याज किती ते ठरवा. पक्का वाटणारा व्यवहार उलटा उघडण्याचा हक्क दुबळ्याला मिळाला. चार्जबॅकचा आत्मा याहून वेगळा नाही.

पण तो हक्क कसा दिला होता ते पाहा. शक्य तिथे प्रतिवादीला न्यायालयात बोलावून त्याची जबानी घ्यायची. खटल्याआधी तडजोडीसाठी गावातच मध्यस्थ. सावकारानं प्रत्येक रकमेची पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब आणि पासबुक द्यायचं. खालच्या न्यायाधीशांचे निकाल तपासायला वर एक विशेष न्यायाधीश. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली कित्येक वर्षं काम केलं आणि या जिल्ह्यांतून फिरून निकालांच्या फायली तपासल्या. व्यवहार उघडायचा तर दोघांसमोर, कारणं लिहून, आणि ती कारणं पुन्हा कोणी तरी वाचेल अशा रीतीनं. सावकार त्या कायद्यावर खूश नव्हता, पण निकाल का लागला हे त्याला वाचता येत होतं.

त्या कायद्यानं एक धडाही दिला. हिशेब उघडला जाणार हे कळल्यावर अनेक सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कुळाच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यामुळे काही कुळांची जमीनच नावावरून गेली. एका बाजूला असुरक्षित वाटलं की ती दार लावून घेते आणि त्या दाराबाहेर राहतो तो दुबळाच. आज तेच होताना मला दिसतं. लहान विक्रेते परदेशी कार्ड घ्यायला नकार देतात. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही, असं बिलावर छापतात. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी उतरवायला आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथा ठरवली. ती पाटी आता व्हिडिओच्या अटीच्या रूपानं परत येते आहे, आणि जिला व्हिडिओ काढता येत नाही त्या आजीला खराब साडी घरात ठेवून घ्यावी लागते.

कार्डाचा प्रश्न मूठभरांचा आहे असं कोणाला वाटेल. यूपीआयमध्ये तर ग्राहक स्वतः पिन घालून पैसे ढकलतो. ते सहजी उलटत नाहीत, तिथले दावे मुख्यतः पैसे कापले गेले पण पोचले नाहीत या प्रकारचे. त्यातही गोंधळ होता. पाठवणाऱ्याची बँक घाईनं दावा लावायची आणि घेणाऱ्याच्या बँकेचा ताळा लागायच्या आत पैसे परत जायचे. 15 फेब्रुवारी 2025 पासून राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं, जमा झाल्याची किंवा परत केल्याची नोंद पाहून असा दावा आपोआप मान्य-अमान्य करण्याची व्यवस्था आणली. नोंद आधी, वसुली नंतर. हे चांगलं झालं.

पण यूपीआय विक्रेत्याच्या दारात उभं असलेलं संकट वेगळं आहे. कुठे तरी कोणाची तरी सायबर फसवणूक होते. तो 1930 या हेल्पलाइनवर फोन करतो, ते त्यानं केलंच पाहिजे. चोरलेला पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरत जातो आणि त्यातले काही रुपये चोर एखाद्या गाड्यावर खर्च करतो. माग काढत पोलिसांचं पत्र त्या गाडीवाल्याच्या बँकेत येतं आणि बँक त्याचं अख्खं खातं गोठवते. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं खातं असंच बंद झालं. त्याच्याकडे आलेली वादातली रक्कम होती 105 रुपये. त्याला उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा 2024 मध्ये न्यायालयानं तेवढेच 105 रुपये अडवून खातं मोकळं करायला सांगितलं. केरळ उच्च न्यायालयानंही 2023 मध्ये अशा प्रकरणांत संशयित रकमेपुरतंच गोठवण्याचा दंडक घातला. 105 रुपयांसाठी माणसाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेव्हा आपल्या व्यवस्थेत मधल्या सगळ्या पायऱ्या गायब आहेत एवढंच सिद्ध होतं.

चार्जबॅक खासगी कराराचा, खातं गोठवणं फौजदारी कायद्याचं. तरी दोन्हीकडे विक्रेत्याचा अनुभव एकच: पैसे गेल्यावर कळतं, कोणी नेले ते कळत नाही, कोणाशी बोलायचं ते कळत नाही. चोरीला गेलेल्याला त्वरित दिलासा हवा, हे मी बँकेच्या काउंटरवर बसून शिकलो आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानं परस्पर झालेल्या व्यवहारात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. त्यात विक्रेत्याला मध्ये ओढलेलं नाही. तो भार उचलण्याचं बळ बँकेकडेच आहे, म्हणून तो तिथेच असावा.

माझ्या मागण्या यापुढे साध्या आहेत. वादातल्या रकमेपलीकडे एक रुपयाही अडवू नये. "माझा नाही" हे बटण दाबण्याआधी ग्राहकाला विक्रेत्याचं खरं नाव, काय घेतलं आणि कधी, हे दिसावं. पैसे हलवण्याआधी विक्रेत्याला त्याच्या भाषेत सूचना मिळावी आणि उत्तराला ग्राहकाइतकी नाही तरी माणसाला पुरेल एवढी मुदत असावी. निकालाची कारणं दोघांना लेखी द्यावीत. विक्रेता जिंकला, किंवा ग्राहकानंच चूक कबूल केली, तर दंड परत आणि शिक्का पुसलेला असावा. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याची नोंद त्याच्या बँकेनं ठेवावी. यातलं काहीही ग्राहकाच्या हक्काला कात्री लावत नाही.

मित्राला मी एवढंच विचारतो. स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणाऱ्याला आपल्या कायद्यानं ग्राहकांत धरलं आहे, ही दुरुस्ती आपण दोघांनी किती कौतुकानं लोकांना समजावली होती. भावजय बँकेची आणि पेमेंट कंपनीची सेवा पैसे मोजून घेते. त्या टेबलावर ती आपल्या जुन्या ग्राहकाइतकीच एकटी आणि तितकीच अडाणी ठरवली जाणारी आहे. दुबळा कोण हे पाटीवर लिहिलेलं नसतं, प्रत्येक व्यवहारात ते नव्यानं पाहावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वी आपण ते पाहिलं होतं म्हणून आपली चळवळ उभी राहिली. आज आपण पाहायला आळस केला तर आपण काल जिंकलेली लढाई आज चुकीच्या माणसावर लढत राहू.

यंदा न्यू जर्सीच्या त्या घरानं पुन्हा फराळ मागवला. पैसे आधीच आले, पुण्यातल्या भावाच्या खात्यातून. भावजयीनं पार्सलात अनारशांचा एक डबा वरून घातला आणि झाकणावर आपल्या उद्योगाचं नाव मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिलं. मग तिनं मला तिच्या खात्याचं पान उघडून दाखवलं. डिसेंबरची ती नोंद अजून तिथे आहे: फसवणूक, निकाल कार्डधारकाच्या बाजूनं. त्यापुढचा कारणाचा रकाना कोरा आहे.

"भाऊजी," तिनं विचारलं, "इथे काय लिहायचं असतं, आणि ते लिहायचं कोणी?"